नाशकात एमजी रोडवर पार्किंगला मीटर लावावेत का?

गोदाकाठचा
माझा मुलगा अमेरिकेत राहतो, त्याच्या गावात जुने पार्किंग मीटर (रस्त्याकडेला गाडी लावायचे तासावर पैसे घेणारी खांबावरची यंत्रं) काढून नवी यंत्रं बसवतायत. जुन्यांत नाणी अडकायची. ज्यांच्यात सिम होतं त्यातले बरेच २०२२ साली तिकडचं थ्रीजी बंद झालं तेव्हा मुके झाले. आता गाडीचा नंबर टाका, कार्डाने पैसे भरा, चला. पावतीसुद्धा काचेत ठेवायची नाही.

परवा एमजी रोडला तीन चकरा मारून शेवटी गोल्फ क्लबपाशी गाडी लावली आणि पायपीट करत आलो, तेव्हा हे आठवलं. आपल्याकडे जुने मीटर नाहीतच, मग थेट नवी यंत्रं का लावू नयेत? तासाला पैसे मोजायचे म्हटलं की लोक काम उरकून निघतील.

तर्रीवाला
साफ असहमत. गाडी घेताना रोड टॅक्स भरलाय. आता उभं राहायचेही पैसे?

गोदाकाठचा
टॅक्स गाडी चालवायला, तर्रीवाले, दिवसभर दुकानासमोर पसरायला नाही.

सराफबाजार
माझं दुकान आहे म्हणून सांगतो, राग मानू नका. दुकानासमोरच्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतात. आमच्या असतात, आमच्या पोरांच्या असतात. सकाळी दहाला लावली की रात्री नऊला हलते. आणि ‘पार्किंग नाही म्हणून धंदा बसला’ अशी बोंब मारणारेही आम्हीच! पहिला मीटर १९३५ साली ओक्लाहोमा सिटीत लागला तो नेमका याच दुखण्यावर. बाजारातली जागा तिथे काम करणारेच दिवसभर अडवून बसायचे. तासाला पाच सेंट होता दर.

तर्रीवाला
ओक्लाहोमा राहू द्या, शिकागोचं बघा. तिथल्या महापालिकेने २००८ साली ३६ हजारांच्या आसपास मीटर एका खासगी कंपनीला ७५ वर्षांसाठी देऊन टाकले. सुमारे ११५ कोटी डॉलर एकरकमी घेतले आणि भराभर खर्च करून टाकले. दर भसाभस वाढले. वर मेख अशी, की मिरवणुकीसाठी किंवा कामासाठी रस्ता बंद केला तर बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शहराने त्या कंपनीला द्यायची.

आता हे नाशकात आणा. गणपतीची मिरवणूक मेहेर सिग्नलवरून जाते. रंगपंचमीला रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात तेव्हा जुन्या नाशकातून गाडी काढून दाखवा. २०२७ ला सिंहस्थ आहे, तेव्हा तर अर्धं गाव बंद. ठेकेदार बिल फाडत बसेल आणि आपण घरपट्टीतून भरू.

गोदाकाठचा
म्हणजे करार वाईट. यंत्राचा काय दोष?

तर्रीवाला
यंत्र कराराशिवाय येतं का कधी?

कॉलेजरोडकर
दोघेही कारवाले दिसताय. एका कारच्या जागेत चार-पाच स्कूटी बसतात, त्यांना काय दर लावणार ते आधी बोला. दुसरं, सॅन फ्रान्सिस्कोत २०११ पासून गर्दी बघून दर बदलायला लागले, ओस रस्त्यांवर चक्क कमीही केले. आपल्याकडे दर कमी झाल्याचं कोणी ऐकलंय का?

आणि एका बाजारात माझ्याकडून वीस रुपये घेतले तेव्हा पावती मागितली, तर म्हणे, ‘ताई, मशीन चार्ज नाही.’ यंत्र होतं हो, त्याच्या खिशातच होतं!

सराफबाजार
ताई, म्हणूनच खांबावरचं यंत्र हवं, खिशातलं नको. पैसे थेट पालिकेच्या खात्यात. वसुलीचा ठेका कोणालाच नको, फार तर दुरुस्तीचा द्या. दर सहा महिन्यांनी रस्तावार जमा-खर्च छापा. एवढं असेल तर दुकानदार म्हणून पहिला पैसा मी भरतो. नसेल तर मीही तर्रीवाल्यांच्या बाजूला.

तर्रीवाला
मला एवढंच सांगा, यंत्रात नंबर टाकायचा म्हणता. आमच्या गल्लीत निम्म्या गाड्यांवर ४१४१ चा ‘दादा’ झालाय. त्याचं बिल कुठल्या दादाला पाठवणार?