श्रीलंका: पेट्रोलच्या रांगा संपल्यानंतरचे दिवस. तुमचे अनुभव लिहा

जुलै २०२२ मध्ये कोलंबोच्या राष्ट्रपती भवनातल्या तलावात पोहणारी माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्यानंतर आपल्याकडच्या बातम्यांमधून श्रीलंका जवळजवळ नाहीशी झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तेव्हा कोलंबोत होते आणि पुढेही बराच काळ राहिले. कॅमेरे निघून गेल्यावर जे सुरू झालं ते जास्त कठीण होतं, असं माझं ठाम मत आहे. टंचाईत पेट्रोलच्या रांगेत मोटारवालाही होता आणि रिक्षावालाही. पुढे दुकानं भरली, क्यूआर कोड दाखवून मोजून पेट्रोल मिळू लागलं, पण ते घ्यायला कोणाकडे पैसे उरलेत हे विचारायला कोणी आलं नाही.

ज्यांना तपशील आठवत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारनं व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. मग कोविडनं पर्यटन बंद पाडलं आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केल्यानं शेतीही कोलमडली. १२ एप्रिल २०२२ ला सरकारनं परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांना टेकली. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं, पण त्याची तयारी आधीच सामान्यांच्या घरातून सुरू झाली होती. वीज ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी महागली. व्हॅट आधी १५ टक्के आणि जानेवारी २०२४ पासून १८ टक्के झाला.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी गल्ली त्यांना 'टीचर' म्हणायची, मीही. एप्रिल २०२२ मध्ये कोलंबोच्या गॉल फेस या समुद्रकाठच्या मैदानावर तरुणांनी 'गोटा गो गामा' (राष्ट्रपती गोटाबाया राजपक्षेंनी जावं म्हणून उभारलेलं आंदोलनाचं 'गाव') वसवलं तेव्हा त्या नातवाला घेऊन तिथे जात, तिथल्या वाचनालयाला स्वतःची पुस्तकं देऊन आल्या. २२ जुलैच्या पहाटे लष्करानं तो तळ उठवला, त्या दिवशी त्या कोणाशी बोलल्या नाहीत. विजेच्या दुसऱ्या दरवाढीनंतर त्यांनी फ्रिज बंद केला. मासे आणले की त्याच दिवशी संपवायचे, उरलं तर आमच्याकडे ठेवायला द्यायचे. कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्या दरवाढीचा अजून राग येतो.

तिथे राहिलेले, तिथल्यांशी व्यापार केलेले, तिथे जिवाभावाची माणसं असलेले, सगळ्यांनी लिहा. मत असेल तर तेही लिहा.

कातुनायके, तयार कपड्यांचा कारखाना

ताई, धागा काढलात, बरं केलंत. मी मूळची इचलकरंजीची, कापडाच्या दर्जा तपासणीत. कोलंबोजवळच्या कातुनायकेच्या निर्यात क्षेत्रात माझ्या हाताखाली शिलाईच्या लाईन होत्या. मुली मला अक्का म्हणायच्या, आमच्याकडे म्हणतात तशाच.

या मुली लांबच्या गावांतून आलेल्या. एका खोलीत तिघी-चौघी, रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉकेल ८७ श्रीलंकी रुपये लिटरवरून एकदम ३४० वर गेलं. समुद्रावर जाणाऱ्या लहान होड्याही रॉकेलवरच चालतात, म्हणून मासेही महागले. म्हणजे स्टोव्हही गेला आणि कढईतलंही गेलं. डब्यात भात, परिप्पू (मसुराची आमटी) आणि पोळ सांबोल (ओल्या नारळाची तिखट चटणी) असायचं, त्यातलं परिप्पू पातळ होत गेलं. सकाळच्या पाळीत चक्कर येणाऱ्या मुली वाढल्या. कारखान्याच्या दवाखान्यात त्यांना साखरपाणी देऊन परत मशीनवर बसवत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यातच युरोप-अमेरिकेतून ऑर्डरी घटल्या आणि ओव्हरटाइम बंद झाला. मूळ पगारावर या मुलींचं कधीच भागत नव्हतं, गावाला पाठवायचे पैसे ओव्हरटाइममधूनच यायचे. कोणी सोनं गहाण ठेवलं, कोणी आखातात घरकामाला निघून गेली. २०२२ या एका वर्षात तीन लाखांहून जास्त माणसं परदेशी कामाला गेली. सरकारनं तर स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाही पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेऊन बाहेर जाण्याची मुभा दिली होती.

पण मुली गप्प बसल्या नाहीत. २०२३ मध्ये सरकारनं देशांतर्गत कर्जाची फेररचना, म्हणजे फेडीच्या अटी बदलण्याची योजना, काढली आणि त्यात कामगारांचा भविष्य निर्वाह निधी ओढला. फंडानं जुने सरकारी रोखे (सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद) देऊन कमी व्याजाचे नवे घ्यायचे, नाहीतर त्याच्या उत्पन्नावरचा कर १४ वरून ३० टक्के. ज्यांनी कधी मोर्चा पाहिला नव्हता त्या मुली पत्रकं वाचून एकमेकींना समजावत होत्या. व्यवस्थापनानं मला 'तुमच्या लाईनवर कोण कोण जातंय' म्हणून नावं मागितली. मी दिली नाहीत.

नाशिक जिल्हा, कांदा निर्यात

आमचा माल मुंबईहून, कधी तुतिकोरिनहून कोलंबोला जातो. तिथं आपल्या मोठ्या कांद्याला 'बॉम्बे ओनियन'च म्हणतात. २०२२ च्या सुरुवातीला पेट्टा बाजारातले आमचे व्यापारी फोन करायचे, बँक डॉलर देत नाही, माल सोडवता येत नाही. कोलंबो बंदरात धान्य-भाजीचे शेकडो कंटेनर तसेच पडून होते. कांदा थांबत नाही. आमचा एक कंटेनर गेला, त्याचं मी धरून बसलो नाही, समोरच्याची तीन पिढ्यांची पेढी बसायला आली होती.

नंतर डॉलर मिळू लागले, व्यवहार उधारीऐवजी रोखीत सुरू झाला. पण माल उचलायचं प्रमाण घटलं. तो व्यापारी म्हणायचा, लोक आता किलोनं नाही, नगावर कांदा घेतात. आणि वरून डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारनं निर्यातबंदी केली. इथं शेतकऱ्याचा भाव पडला, तिथं गिऱ्हाइकाला भाव परवडेना. एप्रिल २०२४ ला श्रीलंकेसाठी १० हजार टनांची खास परवानगी निघाली, पण तोवर जायचं ते गेलं होतं. शेजाऱ्याला संकटात मदत केली असं आपण अभिमानानं सांगतो, आणि ती केलीच, तेल-औषधांसाठी मोठी कर्जं दिली. मग कांद्याच्या वेळी एवढा विचार का झाला नाही?

गॉल

मी क्रिकेटसाठी गेलो होतो. ९ जुलै २०२२, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. किल्ल्याच्या तटावर माणसंच माणसं, राष्ट्रपतींविरुद्धच्या घोषणा मैदानात ऐकू येत होत्या. शेजारी बसलेले काका म्हणाले, आज दोन्ही जिंकायचंय.

कोलंबो, हिशेब तपासनीस

मी थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नका. सरकारी तिजोरीची अवस्था मी जवळून पाहिली. कराचं उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास होतं, जगात तळाच्या देशांत. पगार द्यायला मध्यवर्ती बँक नोटा छापत होती आणि महागाईची आग त्यातूनही भडकली. ती ७० टक्क्यांवरून जुलै २०२३ पर्यंत एक आकडी झाली, हे काटकसरीशिवाय झालं नसतं. वीज मंडळ वर्षानुवर्षं तोट्यात विकत होतं, तो तोटा कोणीतरी भरणारच होता.

माझा आक्षेप वेगळा आहे. देशी कर्जाच्या फेररचनेत रोखे बदलण्यातून बँका वगळल्या आणि भार निर्वाह निधीवर टाकला. बँका बुडू नयेत हे कारण खोटं नव्हतं. पण ज्यांना संप करून दबाव आणता येत नाही त्यांच्यावर भार टाकणं सोपं जातं, हे मी बैठकांमध्ये पाहिलं.

धागाकर्ती

राग कसला, हेच हवं होतं. तोटा कोणीतरी भरणार हे मान्य. पण २०१९ च्या करकपातीचा फायदा ज्यांनी घेतला त्यांच्याकडून आधी का नाही? सर्वात गरीब घरानं आणि हॉटेलमालकानं एकाच टक्क्यानं व्हॅट भरायचा, हा न्याय मला पटत नाही. आणि वीज नियामक आयोगाच्या अध्यक्षांनी दरवाढीला विरोध केला तर मे २०२३ मध्ये संसदेत मतदान करून त्यांनाच पदावरून काढलं.

पेरादेणिया

मी पुण्याहून संशोधनासाठी कँडीजवळ पेरादेणिया विद्यापीठात होते. जानेवारी २०२३ पासून महिना एक लाख रुपयांवरच्या पगारावर आयकर लागला, वर चढत ३६ टक्क्यांपर्यंत. रुपया जवळपास निम्म्यावर आला असताना एक लाख म्हणजे काही श्रीमंती नव्हे. डॉक्टर, प्राध्यापक, बंदर आणि बँकांचे कर्मचारी मार्चमध्ये संपावर गेले. प्राध्यापकांनी बारावीच्या पातळीच्या परीक्षेचे पेपर तपासायला नकार दिला आणि निकाल लांबले. माझ्या घरमालकिणीचा मुलगा त्याच परीक्षेला बसलेला, आणि तिची मोठी मुलगी संपावरची डॉक्टर. जेवताना दोघं भांडायची. तो म्हणायचा, तुमच्या पगारासाठी माझं वर्ष जातंय. ती म्हणायची, औषधांविना वॉर्ड चालवून बघ. मला दोघांचंही खरं वाटायचं. ती वर्षअखेरीस ब्रिटनला गेली. त्या रुग्णालयात तिची जागा लवकर भरली गेली नाही.

हट्टन, चहाचे मळे

तुम्ही सगळ्यांनी कोलंबोबद्दल लिहिलंय. मळ्यातल्या तमिळ कामगारांपर्यंत 'अरगलय' (२०२२ चं ते जनआंदोलन) फार पोहोचलंच नाही, त्यांना एक दिवस बुडवून राजधानीत जाणं परवडणारं नव्हतं. तेव्हा हजार रुपये रोज, तोही ठरलेली पत्ती खुडली तर. त्यांचं मुख्य अन्न मैद्याची रोटी, आणि मैदाच कितीतरी पटीनं वाढलेला. मी एका संस्थेसाठी घरोघर जायचो. आया जेवण सोडायच्या आणि विचारलं की 'भूक नाही' म्हणायच्या. २०२३ मध्ये 'अस्वेसुमा' ही थेट मदतीची नवी योजना आली, पण यादीतून इतके गरजू सुटले की देशभर कचेऱ्यांसमोर आंदोलनं झाली. एका लयनात (मळ्यातल्या कामगारांच्या चाळीत) शेजारी शेजारी दोन सारखीच घरं, एकाला मदत, दुसऱ्याला नाही. त्यावरून बोलणं बंद झालेली कुटुंबं मला माहीत आहेत.

कातुनायके, पुन्हा

मार्च २०२३ च्या स्थानिक निवडणुका सरकारनं 'पैसे नाहीत' म्हणून होऊ दिल्या नाहीत, ते राहिलं होतं. तेव्हा लाईनवरच्या मुली म्हणाल्या होत्या, कर घ्यायला सरकार आहे, मत घ्यायला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्यात मूलभूत हक्कांचं उल्लंघन झाल्याचं ठरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्रपती झाले आणि नोव्हेंबरात त्यांच्या ज्या आघाडीचे आधी ३ खासदार होते तिचे २२५ पैकी १५९ आले. मला त्या रात्री फोनवर फोन. नव्या सरकारनंही नाणेनिधीचा करार चालूच ठेवला, आयकराची मर्यादा दीड लाख केली. पण शिलाईवाल्या मुलींना आयकर कधी नव्हताच.

हिशेब तपासणाऱ्या दादांना एक विचारायचंय. माझ्या लाईनवरची एक पन्नाशीला टेकलीय, फंड काढून गावाला घर बांधायचं म्हणते. फेररचनेत तिचं नेमकं किती गेलं?

कोलंबो, हिशेब तपासनीस

खात्यावरची रक्कम कापलेली नाही, आणि किमान ९ टक्के व्याजाची हमी सरकारनं दिली होती. जादा व्याज मिळालं असतं ते गेलं. पण तिचं मोठं नुकसान त्याआधीच, २०२२ च्या महागाईत झालं. सिमेंट आणि लोखंडाचे तेव्हा वाढलेले भाव जुन्या पातळीला परत आलेले नाहीत. तिला सांगा, आधी एक खोली आणि स्वयंपाकघर एवढाच आराखडा काढा, गवंड्याकडून आजचा भाव लेखी घ्या आणि मगच फंड काढा. अर्ज भरायला मदत लागली तर मला कळवा.