स्टेज ३सी१, एमएमआर-डेफिशियंट एंडोमेट्रियल कॅन्सर: कोणत्या ट्रायलचे आकडे लागू धरायचे?

रुग्णसंवाद (प्रश्न)

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आहे. गर्भाशय, दोन्ही बीजकोश आणि नळ्या काढल्या. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्या, त्यांपैकी दोन ग्रंथींत कॅन्सर सापडला. डोळ्यांना किंवा स्कॅनवर दिसेल असे मागे काही उरलेले नाही. अहवाल असा: एंडोमेट्रिऑइड प्रकार, ग्रेड ३, स्टेज ३सी१ (आजार ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत). आयएचसीमध्ये (ऊतीला रंग लावून प्रथिने पाहण्याची तपासणी) डीएनए दुरुस्त करणाऱ्या एमएमआर प्रथिनांपैकी एमएलएच१ आणि पीएमएस२ नाहीत (म्हणजे एमएमआर-डेफिशियंट), एमएसएच२ आणि एमएसएच६ शाबूत, पी५३ वाइल्ड टाइप (बिघाड नाही). पोल (डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनाचे जनुक) याची तपासणी केलेली नाही.

सुचवलेला उपचार पोर्टेक-३ पद्धतीचा आहे, म्हणजे रेडिएशनसोबत केमो आणि नंतर पुन्हा केमो. अडचण अशी की पोर्टेक-३ च्या मुख्य निष्कर्षात केमोचा फायदा दिसतो, पण त्याच ट्रायलच्या आण्विक विश्लेषणात एमएमआर-डेफिशियंट गटात तो दिसत नाही. शिवाय रूबी ट्रायलमध्ये इम्युनोथेरपीने याच गटाला झालेला लाभ फार मोठा आहे. हे तिन्ही निष्कर्ष एकाच रुग्णाला कसे लावायचे? पोलची तपासणी आता करून उपयोग आहे का? आणि उपचारानंतर कोणते त्रास राहतात, ते आधीच कळले तर बरे.

स्लाइड_आणि_ब्लॉक

पोलची तपासणी कराच. २०१३ मध्ये टीसीजीए या कॅन्सर-जनुकांच्या प्रकल्पाने या कॅन्सरचे चार आण्विक गट मांडले. रोजच्या वापरात ते तीन तपासण्यांवरून ठरतात: पोलचे सिक्वेन्सिंग (जनुकाचा क्रम वाचणे), एमएमआर प्रथिनांची आयएचसी आणि पी५३ ची आयएचसी. यांत पोलचा क्रम पहिला लागतो. ज्या गाठीत पोलचे रोगकारक म्युटेशन असते तिच्यात म्युटेशन इतकी साचतात की त्या भरात एमएमआर किंवा पी५३ सुद्धा बिघडलेले दिसू शकते. अशी गाठ पोल गटातच मोजतात, आणि त्या गटाचे भवितव्य सर्वांत चांगले असते. म्हणून पोल न पाहता "एमएमआर-डेफिशियंट" असा शिक्का मारला तर वर्गीकरण अर्धेच झाले.

मागणीपत्रावर स्पष्ट लिहून घ्या: पोल जनुकाचा एक्झोन्यूक्लिएज (नक्कल करतानाच्या चुका काढणारा) भाग, एक्झॉन ९ ते १४. पोलमधला वाटेल तो बदल मोजत नाहीत. रोगकारक म्हणून मान्य झालेले बदल मोजके आहेत, त्यांत पी२८६आर आणि व्ही४११एल सर्वाधिक आढळतात. "अर्थ अनिश्चित" असा शेरा आला तर तो रुग्ण पोल गटात धरू नये. तपासणी गाठीच्या ऊतीवर करायची, रक्तावर नाही.

तपासणीसाठी ब्लॉक (मेणात जपलेली ऊत) निवडताना शस्त्रक्रियेआधीच्या बायोप्सीचा मिळाला तर तो घ्या. बायोप्सीचे तुकडे लहान असल्याने फॉर्मलिन (ऊत टिकवणारे द्रावण) लगेच आत मुरते. अख्खे गर्भाशय वेळेवर उघडले नाही तर फॉर्मलिन अस्तरापर्यंत पोहोचायला उशीर होतो आणि आयएचसीचा रंग फिका पडतो. एमएमआर "नाही" म्हणण्याआधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी स्ट्रोमा (आधाराच्या) पेशी आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) रंगले आहेत का, ते बघावेच लागते. तेही रंगले नसतील तर तो निष्कर्ष बाद आणि आयएचसी पुन्हा करायची.

एमएलएच१ आणि पीएमएस२ जोडीने का गेले? पीएमएस२ हे एमएलएच१ च्या आधारावर टिकते, एमएलएच१ गेले की तेही विघटित होते. पुढची पायरी एमएलएच१ प्रोमोटर मिथायलेशनची तपासणी, म्हणजे रासायनिक खुणेने ते जनुक बंद पडले आहे का ते पाहणे. मिथायलेशन असेल तर बहुतेक वेळा बिघाड गाठीपुरता असतो. नसेल तर लिंच सिंड्रोमसाठी (कॅन्सरचा आनुवंशिक धोका) रक्तावरची जनुकीय तपासणी लागते. इथे बीआरएएफ जनुक तपासून मिथायलेशनचा अंदाज बांधू नका. आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो मार्ग चालतो, एंडोमेट्रियममध्ये बीआरएएफचे ते म्युटेशन इतके दुर्मीळ असते की निगेटिव्ह अहवालावरून काहीच ठरत नाही.

आकडे_तपासून

आधी कोणता आकडा कोणाचा, ते बघू.

पोर्टेक-३ मध्ये ६६० स्त्रिया होत्या. २०१९ च्या अद्ययावत विश्लेषणात पाच वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण केमो-रेडिएशन गटात ८१.४ टक्के, नुसत्या रेडिएशनमध्ये ७६.१ टक्के. स्टेज ३ वेगळी काढली तर ७८.५ विरुद्ध ६८.५. ही सरासरी चारही आण्विक गट एकत्र धरून आलेली आहे. २०२० च्या आण्विक विश्लेषणात ती फुटते. पाच वर्षे आजार न उलटण्याचे प्रमाण पी५३ बिघडलेल्या गटात केमोसह ५९, केमोविना ३६ टक्के. एमएमआर-डेफिशियंट गटात केमोसह ६८, केमोविना ७६.

या शेवटच्या जोडीचा अर्थ "केमोने नुकसान होते" असा काढू नका. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकलेला नाही, गटात साधारण १३७ रुग्ण होते, आणि हे वर्गीकरण ट्रायल संपल्यावर साठवलेल्या ऊतींवर केलेले आहे. यातून इतकेच म्हणता येते की या गटात केमोचा फायदा दिसला नाही. म्हणूनच २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी स्टेज ३ मध्ये एमएमआर-डेफिशियंट रुग्णांसाठी केमो-रेडिएशन कायम ठेवले. सुचवलेला उपचार चुकीचा नाही. त्यामागचा पुरावा या गटासाठी पातळ आहे, आणि डॉक्टरांशी बोलायचे ते यावर.

आता रूबी. डोस्टार्लिमॅब (इम्युनोथेरपीचे औषध) आणि केमो एकत्र घेतलेल्या एमएमआर-डेफिशियंट रुग्णांपैकी ६१.४ टक्क्यांचा आजार २४ महिन्यांनी वाढलेला नव्हता, नुसत्या केमोत १५.७ टक्के. आकडा खरा आहे, पण तो या रुग्णाचा नाही. रूबीत एंडोमेट्रिऑइड प्रकाराच्या ३सी१ रुग्णाला प्रवेश मिळायला स्कॅनवर मोजता येईल असा आजार शिल्लक असावा लागत होता. एनआरजी-जीवाय०१८ या पेम्ब्रोलिझुमॅबच्या (हीही इम्युनोथेरपी) ट्रायलमध्येही स्टेज ३ साठी तीच अट. इथे तर सगळे काढून झाले आहे. ट्रायल वाचताना निष्कर्षाआधी प्रवेशाच्या अटी वाचाव्यात, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

या रुग्णाच्या जवळ जाणारी ट्रायल म्हणजे कीनोट-बी२१. शस्त्रक्रियेत आजार पूर्ण निघालेल्या पण धोका जास्त असलेल्या १०९५ रुग्णांना केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब किंवा प्लासिबो (औषध नसलेला डोस) दिले, रेडिएशन ऐच्छिक. सगळ्यांचा मिळून फायदा शून्य. पण एमएमआर-डेफिशियंट उपगटात दोन वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ९२.४ विरुद्ध ८०.२ टक्के. मुख्य निष्कर्ष नकारात्मक आला की उपगटाच्या आकड्याला सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. तरी दिशा इतर ट्रायलशी जुळते, त्यामुळे हा आकडा चर्चेत मांडण्याजोगा नक्की आहे.

आणखी एक विचारा: रेनबो प्रकल्पातली एमएमआरडी-ग्रीन ही ट्रायल. नेमका हाच प्रश्न तिथे विचारला आहे: स्टेज ३ एमएमआर-डेफिशियंट रुग्णांना एकीकडे रेडिएशन, दुसरीकडे रेडिएशन आणि वर्षभर डुर्व्हालुमॅब ही इम्युनोथेरपी. अशा कुठल्याही ट्रायलची चौकशी पहिला डोस किंवा पहिले रेडिएशन होण्याआधी करावी. उपचार सुरू झाल्यावर दार बहुधा बंद होते.

डेकेअर_परिचारिका

उपचार प्रत्यक्षात कसा असतो ते लिहिते. रेडिएशन ४८.६ ग्रे (मात्रेचे एकक), २७ भागांत, आठवड्याचे पाच दिवस. पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात सिस्प्लॅटिन, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे ५० मिग्रॅ. त्यानंतर कार्बोप्लॅटिन एयूसी ५ (किडनीच्या कामावरून ठरणारी मात्रा) आणि पॅक्लिटॅक्सेल चौरस मीटरमागे १७५ मिग्रॅ, २१ दिवसांच्या अंतराने चार सायकल.

सर्वांत चिवट त्रास म्हणजे हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणा. पोर्टेक-३ मध्ये दोन वर्षांनंतरही केमो घेतलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी तो लक्षणीय असल्याचे सांगितले, नुसत्या रेडिएशनमध्ये ६ टक्के. दर सायकलआधी "मुंग्या आहेत का?" एवढेच विचारले तर रुग्ण "थोड्या आहेत" म्हणून सोडून देतात. कामे विचारावीत: ब्लाउजची हुकं लागतात का, पर्समधले नाणे न बघता ओळखता येते का, चप्पल पायातून निसटलेली कळते का, अंधारात तोल जातो का. यातले एकही बिघडले असेल तर पॅक्लिटॅक्सेलचा पुढचा डोस लागण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस त्याच वेळी कमी करता येतो, नसा दुखावल्यावर मागे आणता येत नाही. केमो संपल्यावरही काही महिने बधिरपणा वाढू शकतो, प्लॅटिनम औषधांत हे ठाऊक असलेले आहे. त्याला लगेच आजार उलटल्याचे लक्षण समजू नये.

ड्युलोक्सेटिन वेदनेवर चालते: ३० मिग्रॅ एक आठवडा, मग ६० मिग्रॅ. नुसत्या बधिरपणावर फारशी आशा ठेवू नका. नसांसाठी पूरक म्हणून अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन स्वतःहून घेऊ नका. केमो चालू असताना ते घेणाऱ्यांचा त्रास एका मोठ्या ट्रायलमध्ये वाढलेला दिसला.

रेडिएशन संपल्यावर योनिमार्गाच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि तो आखडू शकतो. संकोचामुळे हे कोणी विचारत नाही आणि बरेचदा कोणी सांगतही नाही. सूज उतरल्यावर, साधारण चार आठवड्यांनी डॉक्टरांनी तपासले की डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी) सुरू करतात: आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटे, पाण्यावर आधारित जेल लावून, लहान आकारापासून. लैंगिक संबंध असोत वा नसोत, हे करायचे, कारण मार्ग बंद झाला तर पुढे टाक्याची जागा तपासता येत नाही आणि तिथे आजार उलटला तर उशिरा कळतो. किंचित गुलाबी डाग चालतो, ताजे लाल रक्त आले तर थांबून दाखवा.

कंबरेखाली, माकडहाडाच्या वर नवे दुखणे आले की घरचे घाबरतात. बीजकोश काढलेले आणि त्यावर रेडिएशन, यामुळे त्रिकास्थीला बारीक चिरा पडू शकतात. एमआरआयवर त्या ओळखता येतात. स्कॅनचा अहवाल मागताना "ओटीपोटाला रेडिएशन झाले आहे" हे चिठ्ठीवर लिहायला सांगा, नाहीतर त्या चिरांना हाडात पसरलेला कॅन्सर समजण्याची चूक होते.

फॉलोअप_बाह्यरुग्ण

वरच्यात थोडी भर. दर तीन महिन्यांनी सीटी स्कॅन आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करायचा आग्रह धरू नका. टोटेम ट्रायलमध्ये १८७१ रुग्णांना वारंवार तपासण्या किंवा मोजक्या तपासण्या असे विभागले होते. पाच वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण ९०.६ आणि ९१.९ टक्के, म्हणजे जादा तपासण्यांनी काही मिळाले नाही. जास्त धोक्याच्या गटातही नाही. नेमाने डॉक्टरांची तपासणी, आणि मध्येच रक्तस्राव, न थांबणारे पोटदुखणे, खोकला, पायाची सूज यांपैकी काही आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जाणे.

पायाच्या सुजेसाठी उपचाराआधीच दोन्ही पायांचा घेर मोजून ठेवा: घोटा, पोटरी, मांडी, प्रत्येक वेळी त्याच जागी. लसिकाग्रंथी काढून वर रेडिएशन दिले की लिम्फेडीमाचा (लसिका साचून येणाऱ्या सुजेचा) धोका वाढतो. तो लवकर पकडला तर दाबमोजे आणि व्यायामाने आटोक्यात राहतो.

रुग्णसंवाद

फार उपयोग झाला. एकच राहिले: पोल आणि मिथायलेशन, दोन्ही अहवालांना वेळ लागणार. तोवर उपचार थांबवायचा का?

स्लाइड_आणि_ब्लॉक

दोन्हींचे वजन सारखे नाही. मिथायलेशनवरून आजच्या रेडिएशन-केमोत फरक पडत नाही. त्यावरून रुग्णाला नियमित कोलोनोस्कोपी हवी का आणि भावंडे-मुलांची तपासणी करायची का, हे ठरते. ते मागाहून आले तरी चालेल. पोलवरून मात्र उपचार किती द्यायचा हा प्रश्न बदलू शकतो, जरी स्टेज ३ मधल्या पोल रुग्णांची माहिती थोडी असली तरी. म्हणून ऊत अपुरी असेल तर आधी पोल पाठवा आणि मागणीपत्रावर "उपचार यावर अवलंबून" असे लिहा. पोर्टेक-३ मध्ये शस्त्रक्रियेनंतर शक्यतो ४ ते ६ आठवड्यांत, उशिरात उशिरा ८ आठवड्यांत रेडिएशन सुरू करायचे होते. पोलचा अहवाल त्या मुदतीत येणार नसेल तर त्यासाठी रेडिएशन लांबवू नका. सिम्युलेशन (रेडिएशनची आखणी), दातांची आणि कानांची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ही तयारी त्या काळात उरकून घ्या.