ठाण्याच्या जांभळी नाक्यावरचे फोटो कृष्णधवल केले की सपाट का होतात?

तलावपाळी: मार्केटमधले कॅंडिड (नकळत टिपलेले) फोटो रंगीत बरे दिसतात. कृष्णधवल केले की माणूस, भाजी, ताडपत्री सगळं एकाच करड्यात. जाणकार अशा फोटोत नेमकं बघतात काय? माझा कॅमेरा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), २८ मिमीची रुंद लेन्स, ऑटोफोकस.

घोडबंदर_३५: टोमॅटो आणि मिरची रंगाने वेगळी, पण उजळपणा सारखा असेल तर करड्यात एकजीव होतात. नुसतं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्यावर नेऊ नका. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा आणि एडिटिंगच्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरमध्ये, जिथे एकेका रंगाचा उजळपणा बदलता येतो, नारिंगी थोडा वर घ्या, चेहरे उजळतात. निळा खाली घेतला की निळी ताडपत्री काळवंडते. फार ओढला तर मात्र नॉइज (दाणे) उमटतो, कडांना पांढरी रेघ येते.

खरा इलाज काढतानाच. ताडपत्र्यांच्या फटीतून उन्हाची पट्टी पडते, तिच्यावर स्पॉट मीटरिंग करून (तेवढ्याच जागेचा प्रकाश मोजून) एक्स्पोजर मॅन्युअलवर कायम करा. मागचा पसारा आपोआप काळोखात जातो. मग माणूस पट्टीत येईपर्यंत थांबायचं. कॅमेऱ्याचा स्क्रीन मोनोक्रोमवर (कृष्णधवल) ठेवा. रॉ फाइलमध्ये रंग राहतातच.

कळवा_खाडी: आणि ऑटोफोकस बंद! गर्दीत तो भलत्याच खांद्यावर बसतो. छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८, फोकस अडीच मीटरवर: साधारण दीड ते दहा मीटर स्पष्ट. हीच लेन्स एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर लावली तर पावणेदोन ते पाचच. शटर १/२५० सेकंद, जवळून आडवं कुणी जात असेल तर १/५००, नाहीतर पाय हललेले, पुसट येतात.

तलावपाळी: आणि बघायचं काय?

घोडबंदर_३५: आकारांमधल्या फटी. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागचा फोटो घ्या: उडी मारणाऱ्याची टाच पाण्याला टेकलेली नाही, ती बारीकशी फटच सगळा ताण धरून आहे. मागच्या पोस्टरवरही तशीच झेपावणारी आकृती. छायाचित्रकार रघु राय यांच्या मुंबईतल्या चर्चगेट स्टेशनाच्या फोटोत गर्दी पुसट, पेपर वाचणारे तेवढे स्थिर. तिथे हलणं हा दोष नाही, विषय आहे. झोपलेल्या हमालाचा फोटो मात्र मी कॅंडिडमध्ये धरत नाही. तो आयता मिळतो, फुकटचा.

कळवा_खाडी: एक भर. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी भारत हट्टाने रंगातच टिपला, तेही बघा. जांभळी नाक्यावर झेंडूचे ढीग हाच विषय असेल तर रंग काढून हातात काय उरणार? फोटो लहान करून बघा, अंगठ्याएवढा. तेवढ्यातही माणूस मागच्या गर्दीपासून सुटा दिसला तर कृष्णधवल ठेवा.