फ्रीबीएसडीत मल्टिपाथ टीसीपी हवंय: मागणी कुठे आणि कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

भावाच्या फोटो स्टुडिओतला फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हर मी सांभाळतो. रात्री तिथून भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) बॅकअप जातो. इंटरनेटच्या लाइन दोन, फायबर आणि फोरजी डोंगल. रस्ता खोदला की फायबर जातं (पावसाळ्याच्या तोंडावर ते ठरलेलंच), रूट डोंगलकडे वळतो, पण पत्ता बदलल्यामुळे चालू कनेक्शन तुटतं. शिवाय फायबर ठीक असताना डोंगल नुसतं बसून. पीएफचं (फ्रीबीएसडीतली फायरवॉल) राउट-टू वेगवेगळी कनेक्शन वाटून देतं, एकाच कनेक्शनला दोन्ही वाटा देत नाही.

मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरच्या नेहमीच्या टीसीपी प्रोटोकॉलचा विस्तार, नेमकं हेच करतं: एकच कनेक्शन दोन्ही वाटांनी नेतं. समोरच्याला येत नसेल तर गुपचूप साध्या टीसीपीवर उतरतं. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) ते ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून आहे, ॲपलने तर २०१३ मध्येच सिरीसाठी वापरलं. फ्रीबीएसडीसाठी ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाने पॅच केले होते, पण ते मुख्य कोडमध्ये आले नाहीत. आता ते उकरून काढण्यातही अर्थ नाही. ते जुन्या आरएफसी ६८२४ वर (प्रोटोकॉल कसा चालतो ते ठरवणारा दस्तऐवज) बेतलेले, आणि आजचं लिनक्स आरएफसी ८६८४ ची आवृत्ती बोलतं. दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

वायरगार्ड (एक व्हीपीएन) सुचवणार असाल तर तात्पुरतं तेच लावलंय. पत्ता बदलला तरी बोगदा टिकतो, पण एका वेळी वाट एकच. एससीटीपी (टीसीपीसारखाच दुसरा प्रोटोकॉल) फ्रीबीएसडीत ७.० पासून आहे आणि त्याला अनेक पत्ते चालतात. मात्र एसएसएच ते बोलत नाही, आणि घरगुती राउटरच्या नॅटमधून (आतले पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे लपवणारी सोय) ते नीट पार होत नाही.

आता मुद्दा. बगझिलावर (फ्रीबीएसडीच्या तक्रारी आणि मागण्या नोंदवायची साइट) 'हे हवंय' एवढंच टाकलं तर ते वर्षानुवर्षं पडून राहील असं मला वाटतं. नेटवर्कच्या मेलिंग लिस्टवर आधी लिहावं का? टीसीपी स्टॅकला हात लावायला ते लोक कचरणार, आणि त्यांचं चुकतही नाही. कर्नलमधलं वायरगार्ड १३.० च्या तोंडावर, २०२१ मध्ये, कोडच्या दर्जावरून काढून टाकावं लागलं आणि मूळ प्रणालीत १३.२ ला परतलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात.

मला कर्नलचं सी लिहिता येत नाही. चाचणीसाठी दोन लाइन असलेलं मशीन देऊ शकतो, पॅकेट कॅप्चर देऊ शकतो, थोडी देणगीही. अशा माणसाचं तिथे कोणी ऐकतं का? फ्रीबीएसडी फाउंडेशनकडे प्रकल्पाचा प्रस्ताव कोणी दिलाय का, की आधी एखादा कमिटर (मूळ कोडमध्ये बदल करायचा अधिकार असलेला) गाठावा लागतो? गूगलच्या समर ऑफ कोडमधल्या (मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायला देणारा उपक्रम) नवख्याला हे झेपेल असं मला वाटत नाही, पण कोणी तसं काम जवळून पाहिलं असेल तर सांगा.

इंग्रजी मसुदा तयार आहे. कोणी वाचून चुका काढणार असेल तर इथेच टाकतो.