वाघ पण "इकोसिस्टिम इंजिनीयर" का नाही?

कुतूहली: बीव्हर (उंदरासारखा कुरतडणारा, पाण्याकाठी राहणारा प्राणी), हत्ती, वाळवी यांना इकोसिस्टिम इंजिनीयर म्हणतात असं सारखं वाचनात येतं. पण परिणाम तर सगळेच करतात ना, वाघ हरणं खातो म्हणून गवत वाचतं, मग तो पण इंजिनीयर झाला की. का नुसतं भारी वाटतं म्हणून चिकटवलेलं बिरुद?

रानवेडी: नाही हो, वाघाचा परिणाम खाण्यातून होतो. इंजिनीयर म्हणजे जो जागाच बदलून टाकतो. १९९४ मध्ये जोन्स, लॉटन आणि शाचाक या पर्यावरणशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. बीव्हर बघा, दातांनी झाड पाडतो, फांद्या चिखल दगड रचून ओढा अडवतो, मागे तळं साचतं, पाण्याचा वेग मेला की गाळ खाली बसतो, आजूबाजूचं भूजल वर येतं आणि मग बेडूक, बदकं, चतुर सगळे हजर. तो निघून गेला, बांध फुटला, तरी त्या गाळावर कुरण तयार होतं. यातल्या कुणाला त्याने खाल्लेलं नसतं.

ढोलीवाला: सुतारपक्षी राहिला की! खोडात ढोली कोरतो तो, नंतर तीच पोपट, मैना वापरतात. हत्ती कोरड्या नदीपात्रात वाळू उकरून पाणी काढतात, त्यावर बाकीचे प्राणी पण तहान भागवतात. वाळवी खालची माती वर आणते, तिच्या बोगद्यांतून पाणी मुरतं, आणि आपण वाळवी दिसली की औषध मारायला धावतो.

पालापाचोळा: पण इंजिनीयर म्हणजे चांगलाच असं धरून चालू नका. १९४६ मध्ये फरच्या धंद्यासाठी बीव्हर दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या तिएरा देल फ्युएगो बेटावर सोडले, तिथली झाडं पाण्यात बुडाली की मरतात आणि तोडली की नीट फुटत नाहीत, नदीकाठची जंगलंच्या जंगलं वाळली. गांडुळाचं पण तेच, उत्तर अमेरिकेत हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या भागात स्थानिक गांडुळं जवळपास नव्हतीच, युरोपातून आलेल्यांनी पाचोळ्याचा थर फस्त केला आणि त्या थरात रुजणाऱ्या रोपांची पंचाईत झाली.

कुतूहली: अच्छा. मग प्रवाळ? तो तर खणत नाही की कोरत नाही.

रानवेडी: तो पण धरतात, फक्त प्रकार वेगळा, त्याचा स्वतःचा चुन्याचा सांगाडाच इतरांचं घर असतो. झाडं पण याच गटात. प्रवाळ मेला तरी सांगाडा काही काळ उभा असतो, तोवर बरेच मासे टिकतात, झिजून सपाट झाला की जातात.