मदत हवी आहे : जुन्या पळसदेवचं शेतकरी मंडळ
नमस्कार मंडळी, आमचं जुनं पळसदेव (ता. इंदापूर) उजनी धरणात गेलं, १९८० ला धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची घरं, पेठ, काळीभोर रानं सगळी पाण्याखाली, आता उन्हाळ्यात पाणी खूपच उतरलं की पळसनाथाचं देऊळ तेवढं वर येतं. आजोबा तिथल्या शेतकरी मंडळात होते, बी-बियाणं सगळे मिळून आणायचे म्हणे. मंडळाची वही, पावती, फोटो, काहीही कुणाकडे आहे का? भूसंपादनाचे जुने कागद, गावाचा नकाशा कुठल्या ऑफिसात मिळेल? तेव्हाची माणसं थोडीच राहिलीत हो, घरातल्या म्हाताऱ्यांना प्लीज आजच विचारा.