दाव्याचा मसुदा फुगवायलाच हवा का?

नवा_कोट: ८ पानांचा दावा सिनियर वकिलांना दाखवला, परत आला तो २२ पानांचा. भर कसली तर 'सदर', 'उपरोक्त', 'येणेप्रमाणे', आणि एक वाक्य तर पाऊण पान, कर्ता शेवटपर्यंत सापडला नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिच्या आदेश ६ नियम २ मध्येच आहे की महत्त्वाच्या घटना थोडक्यात मांडा, पुरावा घालू नका, पॅऱ्यांना नंबर द्या. मग ड्राफ्टिंग शिकवताना उलटंच का शिकवतात?

जुनं_खोड: थोडक्यात म्हणून २ ओळी गाळशील आणि साक्षीत तोच मुद्दा आला की समोरचा वकील उठून म्हणेल, हे प्लीडिंगमध्ये, म्हणजे लेखी दाव्यात, नाहीच. तेव्हा ती २२ पानं आठवतील. आणि 'सबब' ला (म्हणजे 'म्हणून' ला) हसू नका रे, ते दिसलं की कळतं हकीकत संपली, मागणी सुरू.

नवा_कोट: मुद्दा गाळा असं म्हणतच नाहीये सर. हे वाचा, 'प्रतिवादीने बेकायदेशीररीत्या, अनधिकृतपणे तसेच कोणताही हक्क नसताना सदर मिळकतीत अतिक्रमण केले आहे'. एकच गोष्ट ३ दा सांगितली, पण अतिक्रमण किती फूट, कुठल्या बाजूनं, कधी, ते पूर्ण २२ पानांत नाही!!

जुनं_खोड: हां, हे मात्र चुकलं.

मार्जिन_नोट: निकालपत्रांचंही तेच. २०२२ मध्ये स्टेट बँक विरुद्ध अजय कुमार सूद मध्ये सुप्रीम कोर्टानं हिमाचल हायकोर्टाचा निकाल रद्द करून प्रकरण फेरविचाराला पाठवलं, कारण त्या निकालातून काही समजतच नव्हतं. तिथेच सांगितलंय, मुद्दा काय, नियम काय, तो या केसला कसा लागतो, मग निष्कर्ष, अशा क्रमानं लिहा.

तारीख_पे_तारीख: साच्यानं डोकं चालत नाही हो. 'दोन्ही बाजू ऐकल्या, कागदपत्रे पाहिली, अर्जात तथ्य नाही, अर्ज नामंजूर'. घ्या, किती सोपं, कुणालाही कळेल, फक्त हरलो का ते कळत नाही. त्याच संहितेच्या आदेश २० नियम ४ मध्ये निर्णयासोबत कारणंही मागितलीत ना, आधी ती लिहायला शिकवा, भाषेचं नंतर बघू.

नवा_कोट: पण कारण लिहायला बसलं की भाषा आपोआप सरळ होते असा माझा अनुभव. मी हल्ली मागणीचं कलम आधी लिहितो, मग एकेक मागणी धरून बघतो की हिला आधार देणारा पॅरा वर कुठं आहे, नसेल तर लिहायचा, आणि ज्या पॅऱ्याला मागणीच सापडत नाही तो बिनधास्त उडवायचा.

जुनं_खोड: हे आमच्या सिनियरनी आम्हाला शिकवलेलं. कर तसंच. 'सबब' तेवढं राहू दे.